चाचांना दिसणारा करंट

भिवंडीत मशीन बंद पडलं की ते एकटं कधीच पडत नाही. लगेच त्याच्याभोवती माणसं जमतात. सायझिंगचा मास्टर येतो, शेजारच्या खात्यातला जॉबर येतो, बीम न्यायला आलेला टेम्पोवाला हॉर्न वाजवायचं सोडून आत येतो आणि चहाची किटली घेऊन फिरणारा पोऱ्याही पुढे सरकतो. प्रत्येकाकडे निदान तयार असतं. बेअरिंग गेलं. फेज गेला. मोटर बसली. पोऱ्याचं निदान असतं की काल नवीन पंखा लावला तेव्हापासूनच हे सुरू झालंय. बहुतेक वेळा तोच बरोबर निघतो, पण त्याला पुढच्या वेळीही कोणी विचारत नाही.

या गर्दीला गप्प करू शकणारी एकच गोष्ट मी आजवर पाहिली आहे: लॅपटॉपवर उघडलेला सी भाषेतला प्रोग्रॅम. ते महिरपी कंस, ते अर्धविराम दिसले की मास्टर चष्मा काढून पुसायला घेतो, जॉबरला आपल्या लूमा आठवतात, टेम्पोवाल्याला टेम्पो आठवतो. दोन मिनिटांत पॅनलपाशी एकटा इंजिनिअर उरतो. इंजिनिअरला हे फार आवडतं. शेठला आवडत नाही, कारण आता मशीन कधी चालू होणार हे फक्त एकाच माणसाला माहीत असतं, आणि त्यालाही ते माहीत नसतं.

मग त्याच लॅपटॉपवर लॅडर लॉजिक उघडा. गर्दी परत.

ज्यांनी ही शिडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: पडद्यावर दोन उभ्या रेघा असतात. डावीकडून लाइन येते, उजवीकडे न्यूट्रल आहे असं समजायचं. दोघींच्या मध्ये आडव्या पायऱ्या. पायरीवर डावीकडे कॉन्टॅक्ट, म्हणजे अटी, आणि शेवटी उजवीकडे कॉइल, म्हणजे काम. अटी एकापुढे एक काढल्या तर सगळ्या पुऱ्या व्हायला हव्यात. एकीखाली एक काढल्या तर कुठलीही एक पुरते. दार बंद आहे, ओव्हरलोड ट्रिप नाही, स्टार्ट दाबलंय, तर मोटर फिरव. एवढंच. ज्यानं आयुष्यात एक स्टार्टर उघडून पुन्हा बंद केलाय त्याला हे चित्र वाचता येतं. आणि भिवंडीत ज्यानं स्टार्टर उघडलेला नाही असा माणूस शोधायचा तर थेट वऱ्हाळा तलावातल्या माशांनाच विचारावं लागेल.

शिडी जन्मली मात्र मोटारींच्या कारखान्यात. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागात मशीन चालवायला भिंतभर रिले असत. गाडीचं मॉडेल बदललं की भिंत नव्यानं वायर करायची. वैतागून त्यांनी १९६८ मध्ये मागणी काढली की वायर न बदलता बदलता येईल असं काहीतरी द्या. बेडफर्ड असोसिएट्स नावाच्या लहानशा कंपनीतल्या डिक मॉर्ले यांनी अशा यंत्राचं टिपण १ जानेवारी १९६८ ला, आदल्या रात्रीची नववर्षाची मेजवानी डोक्यात ठणकत असताना लिहिलं असं ते स्वतः सांगत. त्यातून निघालेल्या यंत्राचं नाव ०८४, कारण तो कंपनीचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता. हाच पहिल्या पीएलसींपैकी, म्हणजे कारखान्यातली मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल कंट्रोलरांपैकी, एक. आता आत कॉम्प्युटर बसला म्हटल्यावर त्याला कॉम्प्युटरची भाषा द्यायला हवी होती. पण कारखान्यात रात्री दोन वाजता येणार कोण? इलेक्ट्रिशियन. त्याला रिलेची ड्रॉइंग वाचता येते, दुसरं काही वाचायची त्याची इच्छा नाही. म्हणून कॉम्प्युटरनंच इलेक्ट्रिशियनची ड्रॉइंग वाचायला शिकायचं ठरलं. सॉफ्टवेअरवाली मंडळी आज या भाषेला मागासलेली म्हणून नाक मुरडतात. त्यांना रात्री दोन वाजता कोणी बोलावत नाही.

खरं सांगायचं तर भिवंडीनं मोटारवाल्या डेट्रॉइटकडून शिकावं असं यात फारसं नाही. चित्र काढून यंत्राला हुकूम द्यायची रीत कापडाच्या धंद्यात जुनीच. फ्रान्समध्ये जाकार यांनी १८०४ मध्ये भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षीचा माग चालवला, हे कॉम्प्युटरच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या प्रकरणात असतं आणि तिथेच विसरलंही जातं. पण पुठ्ठ्याच्या आधी काय असे, ते पुस्तकवाले सांगत नाहीत: चौकटीचा कागद. डिझाइनवाला त्यावर घर भरतो, म्हणजे ताण्याचा तो धागा वर. घर रिकामं, म्हणजे खाली. डॉबीच्या मागावर तर याच कागदाप्रमाणे लाकडी पट्ट्यांच्या भोकांत खुंट्या ठोकतात आणि पट्ट्यांची माळ ड्रमवर गोल फिरत राहते. खुंटी म्हणजे एक, भोक म्हणजे शून्य, माळ म्हणजे न संपणारं लूप. एक खुंटी गळून पडली की दर फेऱ्याला तिथेच चूक, तागा संपेपर्यंत. ही चूक शोधायला डीबगर लागत नाही. गिऱ्हाईक शोधतं. क्वचित एखादा व्यापारी तीच चूक ‘नवीन डिझाइन’ म्हणून विकतो आणि पुढच्या आठवड्यात तशीच चूक आणखी पाचशे मीटर मागतो. तेव्हा गळालेली खुंटी नक्की कुठली होती ते कोणाला आठवत नसतं.

माझ्या एका मित्राचं नारपोलीकडे सायझिंग आहे. त्यांना सगळं गाव शेठ म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. सायझिंग म्हणजे विणायच्या आधी ताण्याच्या धाग्याला खळ चढवणं. हजारो धाग्यांची चादर गरम खळीच्या डबक्यातून जाते, रोलरखाली पिळली जाते, वाफेच्या तापलेल्या सिलिंडरांवरून वाळत बीमवर गुंडाळली जाते. या मशीनची एक खोड आहे: ते सहजासहजी थांबवता येत नाही. थांबलं तर सिलिंडरवरचा धागा करपतो आणि रोलरखालचा चिकटतो. म्हणून धागा तुटला की मशीन थांबत नाही, क्रीपवर येतं. म्हणजे मुंगीच्या चालीनं सरकत राहतं आणि तेवढ्यात माणसानं गाठ मारायची. पूर्ण थांबवायचंच असेल तर आधी पिळायचा रोलर वर उचलायचा. एवढ्या सगळ्या ‘जर’ आणि ‘तर’ साठी जुनं रिलेचं पॅनल होतं. त्यात खळीची वाफ आणि सुताची लव मिळून आपली एक वेगळी गोधडी विणली जात असे.

शेठचा भाचा इंजिनिअर झाला तेव्हा हे पॅनल त्याच्या डोळ्यांत खुपलं. पीएलसीची किंमत ऐकून शेठ म्हणाले, “एवढ्यात दोन बीम येतात.” तेव्हा भाचा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक मायक्रोकंट्रोलर घेऊन आला. पीआयसी जातीचा, १६एफ८७७. त्याची रॅम ३६८ बाइट. शेठना बाइट म्हणजे काय ते समजावल्यावर त्यांनी एकच विचारलं, की उधारीची वही त्यात मावेल का. नाही मावणार. शेठच्या डोक्यात त्याहून जास्त मावतं.

पहिला प्रोग्रॅम भाच्यानं सी मध्ये लिहिला. तो चाललाही. मग भाच्याला पुण्याला नोकरी लागली, आणि मशीनला ते कळलं असावं. पॅनल उघडून चाचा उभे राहिले. चाचा म्हणजे या गल्लीतल्या सगळ्या सायझिंगचे वायरमन. त्यांच्या टेस्टरवरचं प्लास्टिक कधीच गेलंय, उरलाय तो निव्वळ विश्वास. चाचांनी चिपकडे पाहिलं, चिपच्या सोळा वायरींकडे पाहिलं आणि फोनवर भाच्याला म्हणाले, “बेटा, इसमें लाइन किधर से घुसती है और किधर रुकती है, इतना बता दे. बाकी मैं देख लूँगा.” भाच्याला ते सांगता येईना. लाइन कुठेच थांबत नव्हती. एक व्हेरिएबल थांबलं होतं.

तेव्हा शनिवारी येऊन भाच्यानं सगळं लॅडरमध्ये पुन्हा काढलं. मायक्रोकंट्रोलरला शिडी समजत नाही, पण शिडी काढली की तिचा चिपला समजणारा मजकूर करून देणारी सॉफ्टवेअर आहेत. जोनाथन वेस्टह्यूज यांचं एलडीमायक्रो हे फुकटचं आणि अगदी लहान. त्यात इनपुटच्या नावाआधी एक्स, आउटपुटच्या आधी वाय, आतल्या खोट्या रिलेच्या आधी आर. चिप बनवणाऱ्यांनाही हा कारभार परका नव्हता. इंटेलनं १९८० मध्ये ८०५१ काढली तेव्हाच तिच्यात एकेका बिटावर ‘आणि’, ‘किंवा’ करायची खास सोय ठेवली होती. बटणं आणि रिले सोडून जगात दुसरं काही महत्त्वाचं नाही, हे चाचांचं मत इंटेललाही कधीकाळी पटलं होतं तर.

शिडी पडद्यावर आली आणि चाचांनी बोट ठेवलं. काच पुसावी लागेल असं बोट. “यहाँ तक सप्लाय आया. यहाँ कट हो गया.” भाचा म्हणाला, “चाचा, ते खरं सप्लाय नाही, ते बिट आहे. शिडीत करंट नसतो.” चाचा हसले. ज्या माणसाला तीस वर्षं न दिसणारा करंट दिसत आला, त्याला रंग बदलून दाखवलेला करंट खोटा आहे हे कोणी पटवून द्यायचं? आणि तांत्रिकदृष्ट्या भाचाच बरोबर होता. कंट्रोलर आधी सगळी बटणं एकदा वाचून घेतो, मग वरपासून खालपर्यंत एकेक पायरी सोडवतो, मग सगळे आउटपुट एकदम बदलतो आणि पुन्हा पहिल्यापासून. सेकंदाच्या शंभराव्या भागात एक फेरी. करंटबिरंट सगळं नाटक. पण चाचांनी त्या नाटकावर विश्वास ठेवून लिमिट स्विच सैल झाल्याचं शोधलं, आणि भाचा तोवर लॅपटॉपचा चार्जर शोधत होता.

इथून पुढे मात्र गर्दीचा कारभार सुरू झाला. चित्र असलं की प्रत्येकाला मत असतं. सी च्या प्रोग्रॅमला कोणी ‘जरा डावीकडे घ्या’ म्हणत नाही. शिडीला म्हणतात. मास्टरनं ठरवलं की क्रीपची पायरी सगळ्यात वर हवी, कारण क्रीप महत्त्वाचा. जॉबरला वाटलं की दोन पायऱ्यांत जागा फार सोडलीय, कापड तेवढं वाया जातं. पोऱ्यानं विचारलं की तिसऱ्या पायरीच्या आणि सातव्या पायरीच्या शेवटी एकच नाव का आहे. भाच्यानं पाहिलं, खरंच एकच होतं, आणि त्याचा चेहरा पडला. एकच कॉइल दोन पायऱ्यांवर आली की कंट्रोलर भांडत नाही, शेवटी जे सांगितलं तेच ऐकतो. तिसरी पायरी म्हणाली रोलर उचल, सातवी म्हणाली नको, तर रोलर खालीच. शेठना हे एका दमात कळलं. त्यांच्या भागीदारीच्या धंद्यात धाकटा भाऊ नेहमी शेवटी बोलतो.

पण खरा सोहळा झाला तो स्टॉपच्या बटणावरून.

स्टॉपचं बटण नेहमी एनसी लावतात. म्हणजे हात न लावता त्यातून लाइन चालू असते, दाबलं की तुटते. कारण सरळ आहे. उंदरानं वायर कुरतडली, स्क्रू ढिला झाला, तर मशीन आपोआप थांबलं पाहिजे. उलटं बटण लावलं आणि वायर तुटली, तर तुम्ही दाबत बसाल आणि मशीन चालत बसेल. भिवंडीतल्या उंदरांचा अनुभव पाहता ही रीत कोणी मोडत नाही. कॉलेजच्या पुस्तकातही स्टॉप एनसीच काढलेला असतो, म्हणून भाच्यानं बाहेर वायर एनसी आणि आत शिडीतही कॉन्टॅक्ट एनसी काढला. चूक तिथेच. न दाबलेल्या बटणातून कंट्रोलरला लाइन येतच असते, आणि शिडीतला एनसी लाइन आली की उघडतो. बाहेर एनसी तर आत एनओ, म्हणजे लाइन आली की जोडणारा, काढायचा, हा या धंद्यातला गुरुमंत्र आहे आणि प्रत्येकाला तो एकदा तोंडावर आपटूनच मिळतो.

स्टार्ट दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मास्टर वैतागून पॅनलवर रेलला, त्याचा कोपर स्टॉपवर पडला आणि त्याच वेळी भाच्यानं स्टार्ट दाबलं. मशीन चालू! कोपर काढला, बंद. सगळ्यांनी आळीपाळीनं करून पाहिलं. स्टॉप दाबून धरलं की मशीन चालतं, सोडलं की थांबतं. भाचा घामाघूम झाला. शेठ मात्र शांतपणे म्हणाले, “चालतंय ना? मग छेडू नका. एक पोरगा ठेवू स्टॉप धरायला.” रोजाचा हिशोबही त्यांनी मनात मांडला होता.

चाचांनी पडद्यावरच्या त्या छोट्या तिरक्या रेघेवर बोट आपटलं. “ये लकीर निकाल दे.” भाच्यानं रेघ काढली. मशीन शहाण्यासारखं वागू लागलं. महिरपी कंसांच्या जंगलात चाचांना ही रेघ सापडली असती का? नसती. आणि भाच्याला सापडली असती, पण रविवारी दुपारनंतर, जेवण झाल्यावर. जाता जाता चाचांनी एक हुकूमही सोडला: लाल इमर्जन्सीचं बटण प्रोग्रॅममधून न्यायचं नाही, त्याची वायर थेट कॉन्टॅक्टरला. चिप कितीही शहाणी असली तरी हात रोलरमध्ये गेल्यावर तिचं मत विचारायचं नाही. जगभरच्या सुरक्षेच्या नियमांचा सूरही तोच आहे. चाचांनी ते वाचलेले नाहीत.

चित्रांच्या भाषा पुढे बऱ्याच निघाल्या. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आलं, ६११३१ चा तिसरा भाग, त्यात एकदम पाच भाषांना मान्यता मिळाली. शिडी, ठोकळ्यांना तारांनी जोडायची एक, पायऱ्यापायऱ्यांनी क्रम दाखवायची एक, आणि दोन लिहायच्या. पाच भाषांवर एकमत झालं याचाच अर्थ एका भाषेवर झालं नाही. लॅबव्ह्यू नावाचं सॉफ्टवेअर तर १९८६ पासूनच तारा जोडतंय. मुलांसाठी २००७ मध्ये एमआयटीनं स्क्रॅच आणलं, त्यात नारिंगी मांजर आणि रंगीत ठोकळे. शेठची नात शाळेत तेच शिकते. तिनं मांजराला चालायला लावलं, भिंतीला लागलं की वळायला लावलं, आणि आजोबांच्या मशीनला हे का जमत नाही असं विचारलं. ठोकळ्यांच्या भाषेची अडचण एकच: दहा ठोकळ्यांपर्यंत ती मुलांची असते, शंभर झाले की कोणाचीच नाही. तारांच्या भाषेत तर शंभराव्या ठोकळ्याला पडदा भिवंडीतल्या विजेच्या खांबासारखा दिसू लागतो. कुठली तार कुठून आली हे फक्त तीच सांगू शकते.

शिडीलाही हिशोब झेपत नाही, हे कबूल करायला हवं. खळीचं तापमान नव्वद अंशांच्या आसपास धरून ठेवायचं तर व्हॉल्व्ह किती उघडायचा, ही बेरीज-वजाबाकी कॉन्टॅक्ट आणि कॉइलनं करणं म्हणजे स्वतःला शिक्षा. तो भाग भाच्यानं हट्टानं तयार कंट्रोलरवर सोपवला. चाचांनी त्याला हरकत घेतली नाही. त्या डब्यावर आकडा दिसतो, आणि आकडा चुकीचा दिसला की डबा बदलायचा, इतकं सोपं चाचांना चालतं.

भिवंडीसाठी शिडीनं केलेलं सगळ्यात मोठं काम मात्र दोन रेघांचं आहे. स्टार्टच्या कॉन्टॅक्टखाली मोटरचाच एक कॉन्टॅक्ट काढायचा. बटण सोडलं तरी मोटर स्वतःला धरून ठेवते. याला सगळे वायरमन होल्डिंग म्हणतात. लाइट गेली की होल्डिंग सुटतं, आणि लाइट आली तरी कोणी बटण दाबल्याशिवाय मशीन उठत नाही. ज्या गावात लोडशेडिंगच्या काळात लाइट दिवसातून कितीदा जायची-यायची त्याची नोंद ठेवणंही लोकांनी सोडलं होतं, तिथे अंधारात बीमवर हात ठेवून बसलेल्या किती माणसांची बोटं या दोन रेघांनी वाचवली, ते मोजायला कोणी गेलेलं नाही.

आता मानकोली, वळ, पूर्णा, राहनाळकडे सगळी गोदामं. मुंबईच्या जकातीबाहेरची जागा म्हणून ती वाढली, २०१७ मध्ये जकात गेली, गोदामं राहिली. त्यांत पार्सलं धावायचे लांबलचक पट्टे आहेत आणि पट्ट्यांना पीएलसी. आतही शिडीच. चाचांना तिथून एकदा बोलावणं आलं होतं. ते गेले, पॅनल उघडलं, लॅपटॉपवाल्यानं शिडी दाखवायला घेतली तर पासवर्ड. पासवर्ड ज्या कंपनीनं बसवला तिचा माणूस बेंगळुरूत आणि तो सुट्टीवर. चाचा परत आले ते संतापूनच. “ताला लगाया है शिडी को,” असं त्यांनी गल्लीत प्रत्येकाला सांगितलं. वायरमनला ड्रॉइंग न दाखवणं म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हाच, आणि मला वाटतं कायद्यानंही तसं मानायला हरकत नाही.

शेठच्या पॅनलला मात्र कुलूप नाही. दाराच्या आतल्या खिशात ड्रॉइंग ठेवायची असते. पूर्वी त्या खिशात फ्यूज, अगरबत्त्या आणि २०१४ सालचं वजनकाट्याचं बिल असे. आता शिडीचा छापील कागद असतो. त्यावर चाचांच्या खुणा उर्दूत आहेत, मास्टरच्या तेलुगूत, शेठच्या मराठीत. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे चाचांच्या नोंदी कॉइलपासून सुरू होऊन अटींपर्यंत येतात. आधी काय बिघडलं ते, मग का. दुरुस्तीचा क्रम तसाही तोच असतो.

छापण्याआधी भाच्यानं प्रत्येक पायरीवर टीप लिहायची सोय केली होती. पहिल्या पायरीवर काय लिहायचं यावर फार चर्चा झाली नाही. शेठनी इंग्रजी अक्षरांत श्री लिहायला सांगितलं आणि चाचांनी त्याच्या शेजारी ७८६. भाच्यानं दोघांना समजावलं की टीप चिपमध्ये जात नाही, ३६८ बाइटांपैकी एकही तिच्यावर खर्च होत नाही. शेठ म्हणाले, मग तर ठेवच. पुढे कधीतरी साफसफाईच्या नादात भाच्यानं सगळ्या टिपा उडवून नवा प्रोग्रॅम चढवला, आणि त्याच संध्याकाळी क्रीपचा कॉन्टॅक्टर जळाला. कॉन्टॅक्टर जुना होता, त्याचे पॉइंट काळे पडले होते, लव भरली होती. कारण शोधायला लांब जायची गरजच नव्हती. भाच्यानं हे सगळं नीट समजावून सांगितलं. शेठनी ऐकून घेतलं, चाचांनीही ऐकून घेतलं, आणि नवा कॉन्टॅक्टर बसवायला घेण्याआधी दोघांनी त्याला लॅपटॉप उघडायला लावला.